चवीपुरते मीठ

मराठीच्या वर्गात वाक्प्रचारांचा विषय निघाला की आम्ही एक साधा प्रयोग करतो. 'मीठ' या शब्दाभोवतीचे जेवढे वाक्प्रचार आठवतील तेवढे विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहायला लावतो. पाच-सात मिनिटांत फळा भरून जातो. खाल्ल्या मिठाला जागणे, जखमेवर मीठ चोळणे, तिखटमीठ लावून सांगणे, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणे, दुधात मिठाचा खडा पडणे. शिवाय 'मीठभाकर' आहे, आणि रसहीन लेखनाची संभावना करण्यासाठी समीक्षकांच्या हाताशी सदैव असणारा 'अळणी' हा शब्द आहे. एका वर्षी असा फळा भरल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "माझ्या वडिलांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. कमी मिठासाठी चांगल्या अर्थाचा एखादा शब्द आहे का आपल्याकडे?" त्या तासाला आम्ही दोघेही वर्गात होतो आणि दोघांनाही उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या न सुचलेल्या उत्तराचा उशिरा घेतलेला शोध आहे.

भाषा मिठाच्या बाजूची आहे, हे प्रथमच मान्य करायला हवे. 'मीठ' हा शब्द ज्या कुळातून आला त्याचा अर्थ स्वादिष्ट, गोड असा आहे. हिंदीत त्याच कुळातला 'मीठा' साखरेकडे गेला, मराठीत मात्र तो खारट पदार्थाला चिकटला. गुजरातीत 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. म्हणजे आपल्या आणि शेजारच्या भाषेने मिठाला नाव देताना चवीलाच नाव दिले. संस्कृतातल्या 'लवण' या शब्दाचा विस्तारही असाच बोलका आहे. 'लावण्य' त्यातूनच निघाले आणि लोणचेही त्यातूनच. (लोणी मात्र नवनीतापासून आले, विद्यार्थी येथे हमखास फसतात.) 'अलवण' झिजून 'अळणी' झाले, आणि मीठ नसणे म्हणजे सौंदर्य नसणे, रस नसणे, हा संकेत भाषेत कायमचा रुजला.

तथापि आपल्या परंपरेत मिठाविषयीचा सावधपणाही तितकाच जुना आहे, आणि त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, तीन द्रव्यांचा अतिवापर करू नये असे सांगितले आहे : पिप्पली, क्षार आणि लवण. लवण रुची वाढवते, पचनाला मदत करते, हे चरक नाकारत नाही. परंतु ज्या गावांत, नगरांत, जनपदांत ते सतत आणि फार खाल्ले जाते तेथील लोक लवकर थकतात, त्यांचे मांस आणि रक्त शिथिल होते, त्यांना कष्ट सोसत नाहीत, असे तो नोंदवतो. उदाहरणादाखल बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर या प्रदेशांची नावे देतो. तेथील लोक दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, अशी त्याची तक्रार आहे. या निरीक्षणातले शरीरशास्त्र आजच्या कसोटीवर जसेच्या तसे उतरणार नाही. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्याची दृष्टी. एका रोग्याच्या ताटापुरते न बोलता तो गाव, नगर आणि प्रदेश यांच्या सवयीविषयी बोलतो आहे. सार्वजनिक आरोग्याचा विचार म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नसतो.

यानंतर आपण थेट इंग्रजी अमदानीत येऊ, कारण मिठाचे 'माप' हा राजकीय प्रश्न तेथे झाला. मिठावर कर पूर्वीच्या राजवटींनीही घेतला होता. पण १८८२ च्या कायद्याने मीठ तयार करण्यावरचे सरकारी नियंत्रण देशभर पक्के केले. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता. समुद्रकाठच्या माणसाने दारातल्या खाजणातले खारे पाणी आटवून चिमूटभर मीठ केले तरी तो गुन्हा ठरे.

या कराविरुद्ध मध्यवर्ती विधिमंडळात सर्वांत मुद्देसूद हल्ला केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, १९०२ च्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणात. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित आणि अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला शोभेल अशीच त्यांची पद्धत होती. भावनेला हात न घालता त्यांनी आकडे मांडले. देशात मिठाचा खप माणशी वर्षाला दहा पौंडांच्या आसपास रेंगाळला आहे, आणि निरोगी जगण्यासाठी वैद्यकीय मताप्रमाणे वीस पौंड मीठ लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे करामुळे गरीब माणूस आवश्यक मिठाच्या निम्म्यावर दिवस काढतो आहे. हा मुद्दा पुढेही लावून धरला गेला. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर.

हे आकडे आम्ही सहज आजच्या मापात मांडून पाहिले आणि थबकलो. वर्षाला वीस पौंड म्हणजे रोजचे जवळजवळ पंचवीस ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते, साधारण एक सपाट चहाचा चमचा. गोखल्यांच्या काळच्या वैद्यकाला जे आरोग्याचे किमान वाटत होते ते आजच्या कमाल मर्यादेच्या पाचपट आहे! आणि ज्या दहा पौंडांना ते उपासमारीचे लक्षण मानत होते, ते रोजचे सुमारे साडेबारा ग्रॅम होतात. अर्थात खपाच्या त्या आकड्यात गुरांना चारलेले आणि इतर कामी आलेले मीठही धरलेले असणार, तेव्हा थेट तुलना करता येत नाही. तरीही प्रश्न उरतोच. गोखले चुकले होते काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दुसऱ्या एका माणसाकडे वळले पाहिजे. तो गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानत असे, आणि मिठाच्या इतिहासात त्याच्याइतका विसंगत वाटणारा दुसरा माणूस नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत कस्तुरबांच्या आजारपणाचे एक प्रकरण आहे. प्रसंग दक्षिण आफ्रिकेतला. बांचा रक्तस्राव थांबेना. मिठाविना माणसाचे अडत नाही, उलट अळणी आहार प्रकृतीला हितकर असतो, असे गांधीजींच्या वाचनात आले होते. त्यांनी बांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह केला. बा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालाही हे सोडता येणार नाही. गांधीजींनी तेथल्या तेथे वर्षभरासाठी दोन्ही सोडल्याचे जाहीर केले. बा रडल्या, विनवण्या करू लागल्या, पण शब्द मागे घेतला गेला नाही. मग बांनीही मीठ सोडले आणि त्यांना बरे वाटले.

या आत्मकथेची प्रकरणे 'नवजीवन'मध्ये १९२५ ते १९२९ या काळात क्रमशः येत होती. म्हणजे अळणी आहाराची महती वाचकांच्या हाती पडून फार काळ लोटला नव्हता, तोच १२ मार्च १९३० रोजी तोच लेखक मिठासाठी साबरमतीहून दांडीला पायी निघाला. मीठ नको म्हणणारा माणूस मिठासाठी तुरुंगात जायला सिद्ध झाला. ही विसंगती तेव्हा कोणाला फारशी खटकल्याचे दिसत नाही, आणि आमच्या मते ते बरोबरच होते. २ मार्चला व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी मिठाचा कर गरिबाला सर्वांत जाचक का, हे सांगितले आहे. एकट्याचा हिशेब केला तरी आणि समूहाचा केला तरी, श्रीमंतापेक्षा गरिबाला मीठ अधिक खावे लागते, असा त्या विवेचनाचा आशय आहे.

या निरीक्षणात मिठाच्या प्रश्नाचे मर्म आहे. गरीब माणूस जास्त मीठ का खातो? एक तर तो उन्हात राबतो, त्याचा घाम जातो. पण दुसरे कारण ताटात आहे. ज्याच्या भाकरीसोबत भाजी नाही, दूध नाही, डाळ पातळ आहे, त्याची भाकरी घशाखाली उतरते ती मीठ-मिरचीमुळे. 'मीठभाकर' हा शब्द आपण नम्रतेने वापरतो, पण मुळात ते एका अपुऱ्या जेवणाचे अचूक वर्णन आहे. भाकरीबरोबरचे बाकी सारे वजा झाल्यावर उरते ते मीठ.

महाराष्ट्रात हा लढा वडाळ्याच्या मिठागरांवर झाला आणि कोकणात शिरोड्याला झाला. मे १९३० मधला शिरोड्याचा सत्याग्रह मराठीच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणानेही जवळचा वाटावा, कारण त्या काळात वि. स. खांडेकर त्याच गावी शाळेत शिकवत होते. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने मिठागरांलगतच्या गावांतील लोकांना स्वतःपुरते मीठ करण्याची सवलत मिळाली. कर पूर्ण जाण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले.

आता वैद्यकाकडे येऊ. योगायोग असा की गोखल्यांच्या त्या भाषणानंतर दोनच वर्षांनी, १९०४ मध्ये, पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार या दोन वैद्यांनी मिठाचा आणि रक्तदाबाचा संबंध दाखवणारी निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर केम्पनर या जर्मनीहून आलेल्या वैद्याने तीव्र रक्तदाबाच्या रोग्यांना भात आणि फळे यांवर, जवळजवळ मिठाविना ठेवले. अनेकांचा रक्तदाब खाली आला; हा आहार पाळणे मात्र अनेकांना जमेना. १९६० मध्ये लुईस डाल यांनी निरनिराळ्या लोकसमूहांतील मिठाचे प्रमाण आणि रक्तदाबाचे प्रमाण शेजारी ठेवून आलेख काढला. त्याच्या एका टोकाला उत्तर जपानमधले लोक होते. तेथे खारवलेल्या भाज्या, मासे आणि मिसो यांवर हिवाळा काढण्याची रीत होती, आणि पक्षाघाताने माणसे अकाली दगावत. त्यांचे रोजचे मीठ पंचवीस ग्रॅमच्या वर होते.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल : ही जवळपास तीच संख्या आहे, जी १९०२ मध्ये निरोगी जगण्याची अट म्हणून मांडली गेली होती.

शरीरातला व्यवहार थोडक्यात असा. मिठातला सोडियम रक्तात पाणी धरून ठेवतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती वर्षानुवर्षे ताणाखाली राहिली की रक्तवाहिन्यांतला दाब वाढत जातो, आणि हा दाब पुढे मेंदूला, हृदयाला आणि खुद्द मूत्रपिंडांना भोवतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांत ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते वरून मीठ घेतच नाहीत, आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाब वाढत नाही. वय झाले की दाब वाढायचाच, ही आपली समजूत सर्व मानवजातीला लागू नाही, हे त्यातून दिसले. मीठ किती खाली आणावे, याविषयी तज्ज्ञांत आजही वाद आहे. काही संशोधकांना पाच ग्रॅमची मर्यादा फार कडक वाटते. पण दहा-बारा ग्रॅमवरून खाली यावे, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगाची सरासरी रोजच्या १०.८ ग्रॅमची आहे, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक.

तेव्हा गोखले चुकले होते काय? वीस पौंडांचा आकडा चुकीचा होता, यात शंका नाही. पण तो आकडा त्यांचा नव्हता, त्या काळच्या वैद्यकाचा होता. त्यांचा मूळ मुद्दा असा की गरिबाच्या ताटात किती मीठ पडावे हे तिजोरीच्या सोयीने ठरू नये. तो मुद्दा आजही उभा आहे, फक्त तिजोरीच्या जागी कारखाना आला आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण घेता येईल. तेथे लोकांच्या पोटात जाणाऱ्या मिठातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पाव, बिस्किटे, सॉस, तयार जेवणे यांतून येतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पाण्यात विरघळलेले मीठ दाखवतो : दिसत नाही, पण कोठूनही चाखले तरी आहेच. कारखान्यातल्या पावाची गत याहून वाईट आहे, कारण त्यातले मीठ दिसत तर नाहीच, पण खारट म्हणून जाणवतही नाही. अशा ठिकाणी 'मीठ कमी खा' हा उपदेश ग्राहकाला करून उपयोग नसतो. म्हणून १९९६ पासून तेथल्या काही वैद्यांनी आणि पुढे सरकारी अन्नविभागाने उत्पादकांकडेच तगादा लावला. प्रत्येक पदार्थासाठी मर्यादा सुचवल्या आणि मीठ टप्प्याटप्प्याने, जिभेला पत्ता न लागता, उतरवले. २००१ च्या सुमारास साडेनऊ ग्रॅम असलेली सरासरी २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आली. फिनलंडने हे काम १९७० च्या दशकातच हाती घेतले होते. पुढे तेथे जास्त मिठाच्या पदार्थांवर तशी सूचना छापण्याची सक्ती झाली. आणि ज्या दक्षिण आफ्रिकेत बांनी मीठ सोडले, त्या देशाने २०१३ मध्ये नियम करून पावासह अनेक पदार्थांतल्या मिठावर मर्यादा घातल्या. २०१६ पासून त्या अमलात आल्या. ज्या सत्तेने कधी हिंदुस्थानात गरिबाच्या मिठावर पहारा बसवला, तिच्याच मायदेशी पुढे मिठाच्या प्रमाणावर सरकारने लक्ष ठेवावे अशी मागणी झाली, आणि ती लोकहिताची होती. सरकारचा हात तोच, हेतू उलटा.

आपल्याकडे मात्र ही वाट जशीच्या तशी चालणारी नाही. आपल्या पोटात जाणारे मीठ अजून मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून येते. आपल्या पानाची रचनाच पाहा. पान वाढायला घेतले की डाव्या बाजूला प्रथम मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. पापड, कुरडया, सांडगे, खारवलेल्या मिरच्या, सुकी मासळी, ही सारी टिकवणीची विद्या मिठावर उभी आहे. त्यावर आता शेव-चिवड्याची, शेवयांची आणि वेफर्सची पाकिटे येऊन पडली आहेत. तेव्हा आपल्याला दोन्ही आघाड्यांवर लढायचे आहे, स्वयंपाकघरात आणि कारखान्यात. २०१३ मध्ये जगातील देशांनी, भारतासह, २०२५ पर्यंत मिठाचे प्रमाण तीस टक्क्यांनी उतरवण्याचे उद्दिष्ट स्वीकारले होते. जग त्या वाटेवर नाही, हे २०२३ च्या त्याच अहवालाने सांगितले. २०१८ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 'आज से थोडा कम' अशी हाक दिली. हाक चांगली आहे. पण हाकेने पाकिटातले मीठ कमी होत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयोडिनयुक्त मिठाची मोहीम आणि मीठ कमी करण्याची मोहीम एकमेकींच्या आड येत नाहीत. १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात झालेल्या प्रसिद्ध प्रयोगाने मिठात मिसळलेल्या आयोडिनाने गलगंड आटोक्यात येतो हे दाखवले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लोक मीठ कमी खाऊ लागले तर मिठातले आयोडिनाचे प्रमाण त्या बेताने वाढवता येते.

मिठाऐवजी काय, या प्रश्नाचे एक उत्तर २०२१ मध्ये चीनमधून आले. तेथील सहाशे खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षे नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले गेले. त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण चौदा टक्क्यांनी कमी झाले. स्वयंपाक घरचाच, हात तेच, चव जवळजवळ तीच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना असे मीठ धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे वैद्याला विचारल्याशिवाय ते घेऊ नये. परंतु घरात शिजवून खाणाऱ्या समाजाला ही दिशा उपयोगी पडेल. अडचण किमतीची आहे. असे मीठ साध्या मिठापेक्षा महाग पडते, आणि ज्याला त्याची गरज अधिक त्याला ते परवडत नाही. गोखले असते तर त्यांनी येथेही मणाचा हिशेब मांडला असता.

म्हणून मीठ कमी करण्याची कोणतीही मोहीम ताटाचा विचार केल्याशिवाय पुरी होत नाही. ज्याच्या पानात भाजी, फळ, ताक, डाळ आहे त्याला चिमूटभर मीठ कमी करणे सोपे जाते. मीठभाकरीतले मीठ काढले तर नुसती भाकरी उरते. आणि ज्या घरात एकासाठी अळणी रांधायचे त्या घरात ते रांधणारे हात कोणाचे असतात, हेही विसरता येत नाही. बांच्या त्या रडण्याचा अर्थ आम्ही पूर्वी केवळ पतिप्रेम असा शिकवत असू. आता वाटते, आपल्या ताटातल्या मिठाचे माप दुसऱ्या कोणी ठरवावे याचे दुःखही त्यात असेल. आमच्यापैकी एकाच्या घरी आईचा रक्तदाब वाढल्यावर सर्वांसाठीच आमटीत कमी मीठ घालायला सुरुवात केली. पहिला आठवडा सर्वांनी वरून मीठ मागितले. दोन-तीन महिन्यांनी लग्नाच्या पंगतीतली आमटी त्याच मंडळींना खारट लागली. जीभ हट्टी असते, पण ती शिकते. मात्र सारे घर एका पंगतीला बसले तर.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते. पाककृतींच्या पुस्तकांत बाकी सर्व जिन्नसांना माप असते, वाटी, चमचा, पाव किलो. मिठापुढे मात्र 'चवीपुरते' असे लिहिलेले असते. आजवर आम्ही या शब्दातली 'चव' तेवढी वाचत आलो. पुढच्या वर्षी फळा भरेल तेव्हा हा शब्दही त्यावर लिहू, आणि त्यातल्या 'पुरते' या प्रत्ययाखाली एक रेघ ओढू.